आयर्लंडमधला क्रोह पॅट्रिक डोंगर गाईड घेऊन चढावा का? साठीच्या आई-बाबांना जमेल का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये आई-बाबा पुण्याहून डब्लिनला येणार आहेत. बाबांना सह्याद्रीत फिरायची सवय आहे, आईचे गुडघे दुखतात. वाट सरळ दिसते, मग गाईडला पैसे कशाला द्यायचे, असा तुमचा प्रश्न आहे. शिवाय डोंगर ख्रिस्ती लोकांच्या तीर्थाचा, तर आपण गेलेलं चालतं का, हेही विचारलंय.

बाबांना जमेल. आईंना वाटेतल्या खिंडीपर्यंत न्या, त्यापुढे नको. गाईड घ्याच. आणि हो, आपण गेलेलं चालतं. का ते सविस्तर सांगते. मी गॉलवेत राहते आणि हा डोंगर तीनदा चढले आहे: एकदा एकटी, दोनदा गाईडबरोबर. शेवटच्या खेपेला माझे बाबा सोबत होते.

पहिल्या वेळी मीही तुमच्यासारखाच हिशोब केला होता. ७६४ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. मरिस्क गावातून एकच वाट वर जाते, चुकायला जागाच नाही. हे सगळं खरं आहे. पण इथे चालायला सुरुवात होते ती खाडीच्या काठावर, जवळजवळ समुद्रसपाटीला. त्यामुळे उंचीचा जो आकडा दिसतो तो जवळपास सगळा पायांनी मोजावा लागतो. त्या दिवशी खिंडीनंतर धुकं उतरलं, वारा सुटला आणि मी मान खाली घालून नुसती चढत राहिले. माथ्यावर पांढरं चॅपल दिसलं, त्याला हात लावला आणि खाली आले. वाटेत तीन ठिकाणी दगडांच्या राशी लागल्या होत्या. एका राशीवर बसून मी बिस्किटं खाल्ली. ती रास कसली आहे हे दोन वर्षांनी गाईडबरोबर गेले तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं. आपल्याकडे कुणी समाधीच्या चौथऱ्यावर बसून खावं, तसं मी केलं होतं.

म्हणून सांगते, गाईड वाट दाखवायला लागत नाही. आपण कशावरून चालतोय ते कळावं म्हणून लागतो.

आमचा गाईड मेयोचाच, म्हणजे डोंगर ज्या परगण्यात आहे तिथलाच होता, साठीच्या आतबाहेरचा, लहानपणी आजीचा हात धरून डोंगर चढलेला. गट आठ जणांचा. इथले लोक डोंगराला क्रोह पॅट्रिक म्हणत नाहीत, नुसतं 'द रीक' म्हणतात, जसं आपण 'गड' म्हणतो आणि कुठला ते ऐकणाऱ्याला कळतं. निघण्याआधी त्याने सगळ्यांचे बूट पाहिले आणि एकेक काठी घ्यायला लावली. मग डोंगराकडे पाठ करून, रस्ता ओलांडून आम्हाला उलट दिशेला, खाडीकडे नेलं.

तिथे काशाचं एक जहाज आहे. शिडाचे दोर असायला हवेत तिथे माणसांचे सांगाडे, एकमेकांत गुंतलेले. आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळाचं हे राष्ट्रीय स्मारक. शिल्पकार जॉन बीहन, आणि १९९७ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी त्याचं अनावरण केलं. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडत गेला, गरिबाचं तेवढंच अन्न होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. ज्या गलबतांतून ती गेली त्यांत वाटेतच इतकी माणसं दगावत की त्यांना 'शवपेटी जहाजं' हे नाव पडलं. गाईड म्हणाला, उपाशी माणसांना सरकारने फुकट अन्न द्यायचं टाळलं आणि आधी दगड फोडायला, रस्ते बांधायला लावलं. त्या काळचे काही रस्ते कुठेच जात नाहीत, मध्येच संपतात.

मी बाबांना मराठीत सांगत होते. 'दगड फोडायला' म्हटल्यावर ते थांबले. आम्ही नगर जिल्ह्यातले, पारनेर तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात बाबा चौदा वर्षांचे होते आणि आजीबरोबर खडी फोडायला जात. सुकडीची चव त्यांना अजून आठवते. त्यांनी आपला उजवा तळहात गाईडपुढे धरला आणि मला म्हणाले, ''सांग त्याला, मीसुद्धा.'' मी सांगितलं. त्या माणसाने टोपी काढली. पुढचा अख्खा चढ ते दोघं पुढे आणि आम्ही मागे, एकमेकांची भाषा न येता. हे मी एकटी गेले तेव्हा घडलं नसतं. तेव्हा तर मी त्या जहाजाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

आता वाटेबद्दल. कारपार्कपासून थोड्या पायऱ्या चढल्या की आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या संत पॅट्रिकचा पांढरा पुतळा येतो, १९२८ चा. पायऱ्या चढवत असतील तर आई तिथपर्यंत नक्की येतील, आणि तिथूनही खाडी छान दिसते. पुढे ओढ्याच्या कडेने दगडधोंड्यांची चढण आहे, खिंडीपर्यंत दमवणारी पण अवघड नाही. खिंडीनंतर माचीसारखा सपाट पट्टा लागतो, तिथे श्वास जागेवर येतो. आणि मग समोर उभा राहतो सुळका.

या सुळक्यावरच सगळ्यांची परीक्षा होते. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, हा डोंगर क्वार्टझाइटचा. हा दगड झिजून गोल होत नाही, फुटून धारदार तुकडे होतात, आणि पूर्वी सुळक्याची पूर्ण बाजू म्हणजे एकसलग घसारा होता. वर्षाला लाखो पावलं पडून वाट रुंदावत, उसवत गेली होती. गेल्या काही वर्षांत तिथलाच दगड हाताने रचून, सिमेंटशिवाय, पायऱ्यांसारखी वाट बांधली आहे. माझ्या पहिल्या आणि तिसऱ्या खेपेत जमीन-अस्मानाचा फरक होता. तरी उतरताना जपा. इथे माणसं चढताना नाही, उतरताना पडतात, आणि त्यांना खाली आणणारी मेयोची बचाव तुकडी स्वयंसेवकांची आहे. आईंचे गुडघे दुखतात म्हणून मी खिंडीच्या पुढे नको म्हणाले ते याच उताराकडे बघून. जाऊन येऊन साधारण सात किलोमीटर आहे, चार तास धरा, बाबांना पाच द्या.

सुळक्याच्या पायथ्याशी ती पहिली दगडांची रास आहे, जिच्यावर मी बसले होते. लाख्त बेनॉन तिचं नाव. बेनॉन हा पॅट्रिकचा शिष्य. यात्रेकरू या राशीभोवती सात फेऱ्या घालतात, प्रत्येक टप्प्याला ठरलेल्या प्रार्थना म्हणतात. मग माथ्यावर चॅपलभोवती पंधरा फेऱ्या, 'पॅट्रिकची शेज' म्हणतात त्या जागेभोवती सात, आणि पश्चिमेकडच्या उतारावर रॉलिग व्हिरा नावाची जागा आहे तिथल्या तीन राशींभोवती पुन्हा सात-सात. याला 'स्टेशन' करणं म्हणतात. जुलैच्या शेवटच्या रविवारी, रीक संडेला, हजारो लोक येतात आणि त्यातले कितीतरी अनवाणी चढतात. त्या धारदार दगडावरून, अनवाणी. १९७३ पर्यंत ही चढाई रात्री होत असे.

फेऱ्या कुठल्या बाजूने घालायच्या, हे बाबांनी खुणेनेच विचारलं. गाईडने हाताने दाखवलं: सूर्य फिरतो तशी, मधली वस्तू उजव्या हाताला ठेवून. आयरिश भाषेत याला 'देशल' म्हणतात. बाबा म्हणाले, ''प्रदक्षिणाच की.'' घरी आल्यावर मी शब्द शोधला. देशल मधला 'देस' म्हणजे उजवा, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दक्षिण दिशा. संस्कृतातल्या 'दक्षिण'चेही हेच दोन अर्थ, कारण उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण उजव्या हाताला येते. दोन्ही शब्द एकाच मुळातून निघालेले आहेत. तुम्ही विचारलंत ना, आपण गेलेलं चालतं का? माझे बाबा त्या राशीभोवती सात वेळा फिरले, ओठांत हरिपाठ होता. गाईड बाजूला उभा राहून त्यांच्या फेऱ्या मोजत होता.

तसाही हा डोंगर पॅट्रिकच्या आधीपासूनचा आहे. परंपरा सांगते की पॅट्रिकने इसवी सन ४४१ मध्ये माथ्यावर चाळीस दिवस उपवास केला आणि काळ्या पक्ष्यांच्या रूपात आलेल्या सैतानांना घंटा वाजवून हाकललं. पण त्याआधी याचं नाव क्रूखान आय्गला होतं, आणि ऑगस्टच्या तोंडाशी सुगी सुरू होते तेव्हा लू या जुन्या आयरिश देवाचा सण डोंगरांवर साजरा होई. रीक संडे जुलैच्या अखेरीस येतो तो त्यामुळेच, असं अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. १९९४-९५ मध्ये माथ्यावर उत्खनन झालं तेव्हा एका छोट्या दगडी प्रार्थनागृहाचा पाया सापडला, त्यातल्या कोळशाचा काळ ४३० ते ८९० च्या दरम्यान निघाला. माथ्याला जुन्या तटबंदीचा वेढाही आहे. आजचं चॅपल मात्र १९०५ चं, त्याचं सिमेंट गाढवांच्या पाठीवरून वर गेलं. एरवी ते बहुतेक वेळा बंद असतं, त्यामुळे पावसात आडोसा मिळेल असं धरून जाऊ नका.

आणखी एक गोष्ट गाईडने खिंडीत बसवून सांगितली. १९८० च्या दशकात या डोंगरात सोन्याच्या शिरा सापडल्या. खाणीची तयारी सुरू झाली आणि आसपासच्या लोकांनी ती होऊ दिली नाही. सोनं आत आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते तिथेच आहे. हे सांगताना तो माणूस जमिनीवर तळहात थोपटत होता.

माथ्यावरून हवा उघडी असेल तर क्लू बे, म्हणजे खालची ती खाडी, दिसते. वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५ बेटं आहेत अशी इथली बोली. मोजून तेवढी भरत नाहीत, पण वरून पाहिलं की म्हणावंसं वाटतं. हिमयुगात बर्फाच्या थराखाली घडलेल्या मातीच्या टेकड्या त्या, नंतर समुद्र आत शिरला. खाडीच्या तोंडाशी क्लेअर बेट आहे, सोळाव्या शतकात समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या ग्रॉन्या नी वॉल्या हिचं. १५९३ मध्ये ती थेट इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला जाऊन भेटली. ''आंग्र्यांसारखी,'' बाबा म्हणाले, आणि मग कान्होजींबद्दल गाईडला सांगण्यात आमची पंधरा मिनिटं गेली. थंडीने बोटं बधिर झाली होती तरी कुणी उठेना.

तयारीचं थोडक्यात: घोट्याच्या वर येणारे बूट, वारा-पाऊस अडवणारं जाकीट, गरम कपड्याचा एक जास्तीचा थर, टोपी आणि हातमोजे, ऑगस्टमध्येसुद्धा. पाणी आणि खाणं खालूनच न्या, वर काही मिळत नाही. आदल्या रात्री हवामान पाहा आणि गाईड 'आज नको' म्हणाला तर वाद घालू नका. २०१५ मध्ये खुद्द रीक संडेची यात्रा हवेमुळे रद्द करावी लागली होती. गाईड ठरवताना दोन गोष्टी विचारा: गटात किती जण असतील, आणि एखाद्याला खिंडीतून परत फिरायचं झालं तर त्याच्यासोबत कोण उतरेल. दुसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा गाईड पाहा, कारण तुमच्याकडे आई आहेत. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. डब्लिनहून डोंगराजवळच्या वेस्टपोर्ट गावाला थेट रेल्वे आहे, सव्वातीन तासांच्या आसपास. त्याच दिवशी परतायचा विचार करू नका, वेस्टपोर्टला दोन रात्री राहा. एक दिवस पावसाने खाल्ला तर दुसरा हाताशी असतो.

आईंना पुतळ्यापाशी किंवा खिंडीत थांबायचं झालं तर त्यांच्यासोबत घरचं कुणीतरी हवं, खिंडीत वारा फार असतो. पण त्यांच्यासाठी मी वेगळंच सुचवते. वेस्टपोर्टहून काही किलोमीटरवर बोहे नावाच्या ठिकाणी एक कातळ आहे, हजारो वर्षांपूर्वीचा, त्यावर वाट्यांसारखे खळगे आणि त्यांभोवती वर्तुळं कोरलेली आहेत. आपल्या रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पं पाहिली असतील तर तो लगेच ओळखीचा वाटेल. या कातळापासून वर्षातून दोन दिवस, १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टला, सूर्य बरोबर क्रोह पॅट्रिकच्या माथ्यावर टेकतो आणि मग मावळण्याऐवजी उजव्या उतारावरून चेंडूसारखा घरंगळत खाली जातो. आधुनिक काळात १९९१ पर्यंत हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तुम्ही ऑगस्टमध्येच येताय, तर २४ तारीख साधा. दुपारनंतर आकाश स्वच्छ असेल तर आईंसाठी एक घडीची खुर्ची आणि शाल घ्या आणि संध्याकाळी सगळे तिथे जाऊन बसा. तिथे एक पायरीसुद्धा चढावी लागत नाही.