मुलगी ग्रीक शिकायचं म्हणते

प्रश्न : मुलीला बी.ए.नंतर प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानच शिकायचंय. यात पुढं काय? – एक पालक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : दादा, आधी तिला भाषा शिकू द्या. सात रस्त्याजवळच्या खोलीत मी रात्र-रात्र ग्रीक धातुरूपं घोकली आहेत. संस्कृतामुळं तिथलं द्विवचन लगेच ओळखीचं वाटलं, तो आनंद अजून आठवतो. प्लेटोच्या वाक्याचा संदर्भ आजही १५७८च्या आवृत्तीच्या पानांनी देतात, इतकं हे काम बारीक. आणि सावकाशीचं! ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक ग्रेगरी व्लास्टोस १९०७ला इस्तंबूलमध्ये जन्मले, प्रिन्स्टनला, मग बर्कलीला शिकवलं. सॉक्रेटिसवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं १९९१ला, ऐंशी उलटल्यावर. पगाराच्या जागा थोड्या, हे खरं. तरी अडवू नका. वर्षभर रोज तासभर ती ग्रीक करते का, तेवढं बघा.