टोपी ‘घातलेला’ मुलगा इंग्रजीत ‘वेअरिंग’ का?

प्रश्न असा आहे: ‘टोपी घातलेला मुलगा’ म्हणताना टोपी घालून झालेली असते. मग इंग्रजीत ‘द बॉय वेअरिंग अ कॅप’ का? ‘वोर्न’ का नाही? आणि मुलगा काल दिसला असला तरी ‘वेअरिंग’च कसं?

माझ्या मते घोटाळा शाळेत शिकवलेल्या नावांनी केला आहे. ‘वेअरिंग’ला प्रेझेंट पार्टिसिपल म्हणायचं आणि ‘वोर्न’ला पास्ट (पार्टिसिपल म्हणजे धातूपासून बनलेलं, विशेषणासारखं वापरता येणारं रूप). पण ही रूपं नामाचं विशेषण म्हणून आली की वर्तमान-भूताशी त्यांचा फारसा संबंध उरत नाही. धातू सकर्मक असेल तर त्यांतून मुख्यतः कळतं ते हे, की नाम त्या क्रियेचा कर्ता आहे की कर्म. मुलगा घालतो म्हणून ‘वेअरिंग’. टोपी घातली जाते म्हणून ‘द कॅप वोर्न बाय द बॉय’. काळ मुख्य क्रियापदाकडून येतो: ‘आय सॉ अ बॉय वेअरिंग अ कॅप’ यात ‘सॉ’मुळे टोपीही कालचीच ठरते.

आपला ‘-लेला’ उलट वागतो. ‘टोपी घातलेला मुलगा’ आणि ‘मुलाने घातलेली टोपी’, दोन्हीकडे तोच. क्रिया झाली एवढं तो सांगतो. कर्ता कोण, कर्म कोण, हे आपण आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखतो. ही मोकळीक इंग्रजीत नाही, म्हणून ‘काल गाडी चोरलेला माणूस’ पार्टिसिपलमध्ये बसवताच येत नाही. ‘द मॅन स्टोलन द कार’ चूक, आणि ‘द मॅन स्टीलिंग द कार’ म्हणजे चोरी चालू असतानाचा माणूस. तिथे मुकाट्याने ‘द मॅन हू स्टोल द कार यस्टरडे’ म्हणायचं. ‘मी वाचत असलेलं पुस्तक’ही तसंच: ‘द बुक आय ॲम रीडिंग’.

अकर्मक धातूंत थोडे अपवाद आहेत. ‘फॉलन लीव्ह्ज’मध्ये पानंच पडलेली आहेत, म्हणजे कर्ताच. पण ही सवलत मोजक्या धातूंना. ‘उशिरा आलेला मुलगा’ म्हणून ‘द बॉय अराइव्ड लेट’ चालत नाही, ते पूर्ण वाक्य होतं.

‘हू’, ‘विच’च्या वाक्याचं पार्टिसिपल करायला ‘हू इज किंवा विच इज गाळा, झालं’ हा गाइडांतला नियम मला अपुरा वाटतो. ‘अ बॉक्स कंटेनिंग बुक्स’ बरोबर आहे, पण ‘अ बॉक्स विच इज कंटेनिंग बुक्स’ कुणी म्हणत नाही. तिथे मूळ ‘विच कंटेन्स’ आहे.

जागेचं थोडक्यात: एकटं रूप बहुधा नामाआधी येतं, ‘अ बर्निंग हाउस’, सोबत शेपूट असेल तर नामानंतर, ‘द हाउस बर्निंग ऑन द हिल’. मराठीत शेपटासकट सगळं आधीच येतं, त्यामुळे इंग्रजी वाचकाला लागते तशी ठेच आपल्याला लागत नाही. भाषावैज्ञानिक थॉमस बेव्हर यांचं १९७० सालचं वाक्य प्रसिद्ध आहे: ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.’ वाचणारा ‘रेस्ड’ला मुख्य क्रियापद समजतो आणि ‘फेल’पाशी अडखळतो. अर्थ आहे, ‘कोठारापुढून दौडवलेला घोडा पडला.’ भूतकाळ आणि पार्टिसिपल दोन्ही ‘रेस्ड’च असल्यामुळे ही फसगत होते. ‘रेस्ड’च्या जागी ‘रिडन’ घालून पाहा. ‘राइड’चा भूतकाळ ‘रोड’ असा वेगळा असल्याने वाक्य लगेच सरळ लागतं.