पहिला क्रँकबेट रॉड घेताना

अरे वा, टेक्सासला आलायस आणि बास माशांची फिशिंग सुरू करतोयस, बाससाठी प्रसिद्ध असलेला लेक फोर्क तलाव जवळ असेल तर मजाच आहे तुझी! क्रँकबेटसाठी (म्हणजे रील फिरवली की पाण्यात बुडून हलत येणारं, माशासारखं खोटं आमिष) पहिला रॉड कोणता घ्यायचा याचं टेन्शन घेऊ नकोस, सुरुवातीला अ‍ॅक्शन, म्हणजे रॉड कुठून वाकतो, तेवढी नीट बघ. मॉडरेट (मधूनच वाकणारी) पाहिजे, फास्ट (फक्त टोकाजवळ वाकणारी) नको. क्रँकबेटला बारीक ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) असतात, मासा बऱ्याचदा तोंडाच्या कडेलाच लागलेला असतो, मग रॉड कडक असला आणि माशाने डोकं झटकलं की हुक सुटलाच, किंवा मासा बेट नीट तोंडात घ्यायच्या आधीच आपण ते ओढून काढतो. मधूनच वाकणारा रॉड तो झटका खाऊन टाकतो. म्हणून फायबरग्लासचा किंवा फायबरग्लास-ग्राफाइट मिक्सचा रॉड घे, हाताला थोडा जड लागेल पण चालतं.

बाकी एवढं पुरे:
- लांबी ७ फूट, पॉवर (रॉडचा कडकपणा) मीडियम
- किती औंसाचं बेट चालतं ते रॉडवरच छापलेलं असतं, पाव ते अर्धा औंस त्यात बसलं पाहिजे
- लाइन (दोरी) १२ पाउंड ताकदीची, फ्लुओरोकार्बनची

नवीन लोकांचं चुकतं कुठे, तर वर्मसाठी (रबरी अळीच्या आमिषासाठी) घेतलेला कडक रॉडच क्रँकबेटला वापरतात आणि मासा लागला रे लागला की जोरात झटका देतात. झटका अजिबात नको, रील फिरवत राहा आणि रॉड बाजूला ओढ, बस. डीप (खोल जाणारे) क्रँकबेट आणि त्यांचे लांब रॉड आत्ता घेऊच नकोस, आधी एक स्क्वेअरबिल (चौकोनी ओठाचं, उथळ पाण्यातलं क्रँकबेट) घे आणि काठाजवळच्या लाकडांवर दगडांवर मुद्दाम आपटत आण, आपटून बेट वाकडं जातं ना तेव्हाच मासा धरतो. आणि हो, १७ वर्षं पूर्ण असतील तर लायसन्स लागतं, ते आधी काढ.