तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : विशारद झाल्या, पण चौथीचा वर्ग काही गात नाही!

या महिन्यात शाळेतल्या गाण्यावरच बरीच पत्रं आलीत, त्यातली चार घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : मी शिरपूर भागातल्या एका डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) कॉलेजला शिकवते. यंदा माझ्याकडे दोन मुली शास्त्रीय गाण्यात विशारद झालेल्या आहेत, गळा एकदम तयार, गॅदरिंगला गायल्या की सगळा हॉल गप्प. पण सराव पाठाला चौथीच्या वर्गात गेल्या की पाच मिनिटांत गोंधळ. त्या गातात तोवर पोरं ऐकतात, पोरांची पाळी आली की नुसता आरडाओरडा. पाठ टाचण तर नीट असतं, मग चुकतंय कुठं?

मॅडम, टाचणात काही शोधू नका, तिथं नाहीये ते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा बघा ना, प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या, आणि प्रत्येक ठिकाणी समोर परीक्षक, बाजूला तबला आणि गाणारी ती एकटी. इतकी वर्षं तिनं स्वतःचा सूर ऐकलाय, आता एकदम चाळीस पोरांचा ऐकायचाय आणि तो कसा ऐकायचा हे तिला कोणी शिकवलेलंच नाही. ते आता तुम्ही शिकवायचं.

पहिली गोष्ट पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर सा धरायचा ते. मुलगी घरी रियाजाला खालच्या काळी पाचला सा धरते, वर्गातही तोच धरणार, गाणं मंद्र पंचमाकडे, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प कडे, उतरलं की नऊ वर्षांच्या पोराचा गळा तिथं पोचतच नाही, मग ते गुरगुरतं नाहीतर ओरडतं, आणि आपण म्हणतो वर्ग बेसूर आहे. वर्ग बेसूर नसतो हो, पट्टी चुकलेली असते. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी दोन धरायला लावा आणि सुरुवातीला गाणं सा ते ध एवढ्यातच फिरणारं घ्या, भूप रागाच्या सुरातलं असलं तर सोन्याहून पिवळं. मुलांना, म्हणजे छात्राध्यापकांना, उलटा त्रास, ते काळी एकला गातात ते पोरांच्या एक सप्तक खाली, पोरं तो जाड आवाज काढायला जातात आणि फसतात. त्यांनी सूर पेटीवर द्यावा किंवा वर्गातल्या एखाद्या चांगल्या गाणाऱ्या पोरीला पहिली ओळ म्हणायला सांगावी.

दुसरं म्हणजे पोरं गात असताना बाईंनी गायचं नाही. हे सांगायला सोपं आणि पाळायला महाकठीण, विशारदवालीला तर जास्तच, कारण तिचा गळा आपोआप उघडतो. पण ती गात राहिली की तिला फक्त स्वतःचंच ऐकू येतं, शेवटच्या बाकावर काय चाललंय ते कळत नाही. एक ओळ आपण म्हणायची, गप्प बसायचं, पोरांची ऐकायची, जिथं घसरली तेवढाच तुकडा परत. शब्द फळ्यावर नंतर, आधी लिहिले की पोरं वाचतात, गात नाहीत.

तिसरं लय. पोरं गाणं पळवतात, हे कुठल्याही शाळेत. "हळू हळू" असं ओरडून काही होत नाही. केरव्याच्या आठ मात्रा, पहिलीला टाळी, पाचवीला हात उघडा, आणि ओळ गायची नाही, नुसती कुजबुजत म्हणायची, दोन वेळा केलं की लय जागेवर येते.

आणि तुमच्या निरीक्षण वहीत फलक लेखन, आवाज, हावभाव यांचे रकाने असतीलच, त्यात एक वाढवा : ३५ मिनिटांत बाई किती मिनिटं गायल्या आणि पोरं किती. सोबत दुसऱ्या छात्राध्यापिकेला मोबाईल देऊन शेवटच्या बाकाजवळ बसवा, टेबलावर ठेवलेल्या मोबाईलचं रेकॉर्डिंग काही कामाचं नाही, त्यात बाईच ऐकू येतात. संध्याकाळी त्या दोघींनाच ते ऐकू द्या, तुम्ही काही बोलू नका.

परिपाठही त्यांच्याकडेच सोपवा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, २०२३ पासून सोबत राज्यगीत १ मिनिट ४१ सेकंदांचं, म्हणजे रोज अडीचेक मिनिटं सगळी शाळा गाते आणि तिथं पट्टीकडे कोणाचंच लक्ष नसतं. राष्ट्रगीताच्या शेवटी लागोपाठ "जय हे" येतात, त्यातलं पहिलं वरच्या सा पर्यंत चढतं, म्हणून सुरुवात पांढरी एक किंवा दोनला, त्यावर गेलं की शेवटी किंचाळणं ठरलेलं.

प्रश्न : माझी मध्यमा पूर्ण (विशारदच्या आधीची परीक्षा) झालीय, चाळीसगावला राहते. विशारद केलं की शाळेत संगीत शिक्षिका होता येईल ना?

ताई, नुसत्या विशारदच्या भरवशावर राहू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराच्या वर पोरं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा असं लिहिलंय, अंशकालीन म्हणजे अर्धवेळ, तो शब्द नीट वाचा. नेहमीचं शिक्षकपद हवं तर पहिली ते पाचवीला डी.एल.एड., सहावी ते आठवीला पदवी आणि डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. विशारद जरूर करा, पण हेही सोबत धरा. विशारद कुठं चालतं ते प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं, फॉर्म भरायच्या आधी वाचा.

प्रश्न : पेटी नाही, वाजवताही येत नाही. यूट्यूबचा ट्रॅक लावला तर? (भुसावळ)

ऐकवायला लावा, शिकवायला नको. ट्रॅक थांबत नाही आणि पट्टी बहुतेक मोठ्या माणसाची असते. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप घ्या, पांढरी दोन लावा, बास.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. पोरं प्रार्थनेला तोंड उघडत नाहीत आणि मधल्या सुट्टीत गुलाबाईची (खानदेशातल्या पोरींच्या सणाची) गाणी तोंडपाठ म्हणतात, "सर, आमले येस!" (आम्हाला येतं) म्हणतात. ती वर्गात घेतली तर सहकारी नाक मुरडतात.

मुरडू द्या सर. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी जाऊन महिनाभर जे गातात त्यात सवाल-जवाब असतात, ओळ परत परत येते, सूर थोडेच लागतात, म्हणजे वरच्या मॅडमना जे सांगितलं ते सगळं त्यात आयतं आहे. फक्त पट्टी पोरींनाच ठरवू द्या आणि तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐका. मग त्याच चालीवर टाळी, त्यानंतर सरगम, असं करत प्रार्थनेपर्यंत या. सासूच्या मारझोडीची कडवी असतात त्यावर पोरींशी दोन शब्द बोला, गुपचूप गाळू नका. सातपुड्यातली पोरं असतील तर होळीच्या ढोलाचे ठेके त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतात, बाक वाजवू द्या. कानबाईची, म्हणजे खानदेशातल्या देवीची, गाणी मात्र आज्यांकडून घ्या, आणि पूजेतलं गाणं वर्गात म्हटलेलं चालेल का हे आधी त्यांनाच विचारा. नाही म्हणाल्या तर विषय संपला.