कोलोनोस्कोपीत पोट दाबून खांदा दुखतो, पट्टा मागावा का?

ताई, दिवसाला आठ-दहा कोलोनोस्कोपींत (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत) आतली नळी वेटोळे घेऊ नये म्हणून रुग्णाचे पोट दाबून तुमचे मनगट आणि उजवा खांदा दुखू लागला आहे, आणि टेबलापलीकडून डॉक्टरांचे 'अजून जोर लावा' एवढेच ऐकू येते, हे वाचून मला माझे जुने दिवस आठवले. रुग्णाच्या पोटाला बांधायचा पट्टा मागावा का, असे तुम्ही विचारले आहे. अवश्य मागावा, पण कोणता हवा आणि तो कुठे बांधायचा, हे आधी ठरवून मागावा. मी ते ठरवले नव्हते.

मी स्टोअरच्या इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) 'पोटाचा पट्टा' एवढेच लिहिले. आले ते सिझेरियननंतर बांधतात तसले रुंद बाइंडर, तेही सगळे एकाच मापाचे. परत करायला गेले तर 'पट्टा तो पट्टा, आता पुढची खरेदी नव्या वर्षात' असे सांगून माझा कागद बाजूला सारण्यात आला. त्या उत्तराचा राग मला आजही येतो, कारण तिथे कोणालाही हे साहित्य कशासाठी लागते ते विचारावेसे वाटले नाही. तरीही ते बाइंडर वापरले मीच. एका स्थूल रुग्णाला डाव्या कुशीवर असताना मी तो घट्ट आवळला. उताणे करताना तो वर सरकून बरगड्यांखाली रुतला आणि भुलेत असलेल्या त्या माणसाचे सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) 97 वरून 88 वर आले. मी वेल्क्रो ओढून सोडवला तेव्हा पोटाच्या वरच्या भागावर पट्ट्याच्या कडेचा लाल वळ उमटलेला होता. रुग्ण लगेच सावरले, परंतु आमच्या विभागात पट्ट्यावरच बंदी आली. पुढची दोन वर्षे मी हातांनीच दाबत राहिले आणि त्याच काळात माझ्या खांद्याच्या टेंडनला चीर गेली.

म्हणून माझा आग्रह असा की, पट्टा बेंबीच्या खाली, ओटीपोटावरच बसला पाहिजे, कारण रोखायचे आहे ते पुढे फुगणाऱ्या सिग्मॉइडला (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणदार भागाला); बरगड्या आणि श्वास पूर्ण मोकळे राहिले पाहिजेत. या तपासणीसाठीच बनवलेले पट्टे मिळतात, ते निरनिराळ्या मापांत मागवा. भूल देण्यापूर्वीच बांधा, म्हणजे रुग्णाला आवळल्यासारखे वाटत असेल तर तो सांगू शकेल, आणि कूस बदलली की पट्टा जागेवर आहे का ते हाताने चाचपून पाहा. गर्भवती, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेले, मोठा हर्निया किंवा स्टोमा (पोटावर काढलेले आतड्याचे तोंड) असलेले रुग्ण यांच्याबाबत निर्णय डॉक्टरांचाच. मी परिचारिका आहे, माझे म्हणणे अनुभवापुरतेच धरावे.

पट्ट्याने सगळेच सुटेल, अशी आशा मात्र ठेवू नका. अमेरिकेत 350 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरा पट्टा आणि नुसता दिखाऊ पट्टा यांची तुलना केली, तेव्हा सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोहोचण्याच्या वेळेत एकंदरीत फरक दिसला नाही. बीएमआय (उंचीच्या तुलनेतील वजन) 30 ते 40 असलेल्या स्थूल रुग्णांत मात्र वेळ कमी लागला. त्यामुळे सरसकट प्रत्येकाला बांधण्यापेक्षा पोट सैल आणि मोठे असलेल्या रुग्णांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट मी फार उशिरा, पण ठामपणे बोलू लागले. स्कोपचा, म्हणजे आत घातलेल्या नळीचा, आतड्यात लूप (वेटोळे) झालेला असताना वरून कितीही दाबले तरी तो सुटत नाही. डॉक्टरांनी स्कोप मागे घेऊन सरळ करावा आणि मग तो पुन्हा होऊ नये म्हणून आपण दाबावे. 'सर, आधी स्कोप सरळ करता का?' हे विचारण्यात उद्धटपणा नाही. कूस बदलणे आणि हवेऐवजी पाणी वापरणे हे उपायही आपल्या खांद्याच्या आधी यायला हवेत. टेबलाची उंची डॉक्टरांच्या सोयीने ठरते, तेव्हा पायाखाली पायरी घ्या आणि कोपर सरळ ठेवून अंगाचा भार द्या. वाकलेल्या मनगटाने दाबू नका.

दुखण्याची लेखी नोंद मात्र पट्टा येईपर्यंत लांबवू नका. माझा एमआरआय झाला तेव्हा 'हे कामामुळेच झाले याचा कागद कुठे आहे?' असे मला विचारले गेले, आणि माझ्याकडे एकही कागद नव्हता. आजच्या तारखेचा अर्ज प्रभारी सिस्टरकडे द्या, त्यात दिवसाच्या तपासण्यांची संख्या लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.