‘ट्रिब्यूट अल्बम’ला श्रद्धांजली म्हणावे का?

अनेक रॉक कलावंत एकत्र येऊन एखाद्या ज्येष्ठ संगीतकाराची गाणी आपापल्या पद्धतीने सादर करतात, अशा ‘ट्रिब्यूट अल्बम’ला ‘श्रद्धांजली’ म्हणावे का आणि त्यातल्या ‘कव्हर’ला, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याच्या अशा सादरीकरणाला, मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न आहे.

‘अंजली’ म्हणजे ओंजळ. ‘श्रद्धांजली’च्या व्युत्पत्तीत मृत्यूचा मागमूसही नाही, तरीही आज हा शब्द दिवंगत व्यक्तीसाठीच वापरला जातो, आणि अर्थ अखेर वापराने ठरतो. १९९१ साली एका फ्रेंच नियतकालिकाच्या पुढाकाराने कॅनेडियन गायक-गीतकार लेनर्ड कोहेन यांच्या गाण्यांचा ‘आय'म युअर फॅन’ हा अल्बम निघाला आणि त्यात आर.ई.एम., पिक्सीज, निक केव्ह, जॉन केल असे कलावंत सहभागी झाले. कोहेन तर २०१६ पर्यंत हयात होते. ‘आदरांजली’ही वर्तमानपत्रांत बहुधा निधनवार्तेच्या शेजारीच दिसते. म्हणून मी ‘मानवंदना’ सुचवतो, कारण ती हयात पाहुण्याला देतात तशी हुतात्म्यालाही देतात. हेवी मेटल गायक रॉनी जेम्स डिओ २०१० मध्ये कर्करोगाने गेल्यानंतर मेटॅलिका हा बँड आणि इतरांनी २०१४ साली केलेल्या अल्बमला मात्र ‘श्रद्धांजली’ म्हणणे योग्यच आहे.

‘कव्हर’चे ‘आवरणगीत’ करू नये. मराठीत कव्हर वहीला घालतात. ‘नक्कल’ हा शब्द तर अन्यायकारक आहे. कोहेन यांचे ‘हॅलेलुया’ हे गाणे १९८४ चे. केल यांनी त्यांच्याकडून कडव्यांची पानेच्या पाने मागवून घेतली, त्यांतली मोजकी निवडली आणि ‘आय'म युअर फॅन’साठी ते गाणे पियानोच्या साथीने गायले. पुढे १९९४ मध्ये अमेरिकन गायक जेफ बकली यांनी ते गिटारवर गायले, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो मूळ ध्वनिमुद्रणाचा नव्हे, तर केल यांनी दिलेल्या रूपाचा. ज्यावरून पुढचा कलावंत गाणे उचलतो, त्याला नक्कल कसे म्हणायचे? ‘पुनर्गायन’ही अपुरे पडते, कारण इथे वाद्यमेळ, लय आणि कडव्यांची निवड असे सारेच बदललेले असते. मला ‘पुनराविष्कार’ हा शब्द नेमका वाटतो. आपल्याकडे एकाने गाजवलेले नाट्यपद दुसऱ्याने मैफलीत आपल्या ढंगाने गाणे इतके स्वाभाविक होते की, त्यासाठी वेगळ्या शब्दाची गरजच पडली नसावी.

बोलताना ‘कव्हर’ खुशाल म्हणावे. लिहिताना मात्र ‘कोहेनचे कव्हर’ म्हणजे कोहेन यांनी केलेले की त्यांच्या गाण्याचे, हे कळत नाही. ‘कोहेन यांच्या गाण्याचा केल यांनी केलेला पुनराविष्कार’ असे लिहिले, की गाणे कोणाचे आणि गायले कोणी, हे दोन्ही स्पष्ट होते.