एक्स्पो ३० टक्के, आणि रात्री साडेदहाला झोप

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, तुझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल प्लेनचे चारही व्हिडिओ पाहिले. पहिल्या दोन फ्लाइट छान होतात, चौथ्या-पाचव्या फ्लाइटला उतरताना प्लेन डावी-उजवीकडे डुलायला लागतं, तर एलरॉनचा, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांचा, एक्स्पो वाढवू का, असं तू विचारलंयस. एक्स्पो म्हणजे रिमोटची स्टिक मध्याजवळ किती मऊ चालावी याचं सेटिंग. तो ३० टक्के आहे तो राहू दे. सेटिंग चुकलेलं असतं तर पहिल्या फ्लाइटलाही ते चुकलेलंच असतं. वारा म्हणशील, तर चौथ्या व्हिडिओत मागच्या बाभळीचं पानही हलत नाहीये. सात ते नऊ या वेळात त्या मैदानावर काही बदललं असेल तर ते तुझं डोकं.

पहिला व्हिडिओ पुन्हा बघ. टेकऑफच्या आधी तू दोन्ही एलरॉन, शेपटीवरचे एलिव्हेटर आणि रडर हलवून दिशा बघतेस, हॉर्न, म्हणजे या पट्ट्यांवरच्या छोट्या खुंट्या, बोटांनी ओढून बघतेस, बॅटरीचा पट्टा आवळतेस. चौथ्यात बॅटरी लावलीस, वरचं झाकण दाबलंस आणि थेट थ्रॉटल. एलिव्हेटरच्या हॉर्नचा एक स्क्रू अर्धा बाहेर आलाय. कॅमेऱ्याला दिसला, तुला दिसला नाही. आणि त्याच मेसेजमध्ये तू सहज लिहून गेलीयस: रात्री दीडपर्यंत विंग चिकटवत होते, शेजारी बॅटऱ्या चार्ज करत होते, पाचला उठले.

आपल्या छंदाची गोम हीच आहे. उडवायला पहाट लागते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये साडेनऊ-दहानंतर जमीन तापते, गरम हवा उसळायला लागते आणि हलक्या फोमच्या प्लेनला ती कुठेही भिरकावते. म्हणून साडेसहाला मैदान गाठायचं. बांधायला मात्र कॉलेज किंवा नोकरी संपल्यावरची रात्रच मिळते. या दोन टोकांच्या मध्ये जी झोप असते तिच्यावर सगळ्यात आधी कात्री चालते. रविवारी लाल डोळ्यांनी मैदानावर येणं हा काहींना मानाचा बिल्ला वाटतो. मला तो कधीच वाटला नाही.

झोप कमी झाली की माणूस पेंगतो असं आपण धरून चालतो. पण स्टिक हातात असताना कोणी पेंगत नाही. मोटरचा आवाज, प्लेन पडायची भीती, याने डोळे टक्क उघडे असतात आणि आपण अगदी ठणठणीत आहोत असं वाटतं. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख छापला. लोकांना जागं ठेवून त्यांनी काय तपासलं, तर पडद्यावर वाटेल तसं हलणाऱ्या लक्ष्याचा हाताने पाठलाग करणं, म्हणजे जवळजवळ आपलंच काम. सलग १७ तास जागल्यावर त्या लोकांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरली, आणि २४ तासांनी साधारण ०.१० टक्क्यांइतकी. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. तू शनिवारी सहाला उठली असशील तर रात्री अकरालाच तुझे १७ तास भरले, आणि त्यानंतर अडीच तास तू कटर आणि हॉट ग्लू गन घेऊन बसली होतीस. मधल्या साडेतीन तासांच्या झोपेने त्यातलं थोडंफार फिटलं असेल, सगळं नाही.

आता डुलण्याकडे येऊ. खऱ्या विमानातला वैमानिक आत बसलेला असतो, विमान हललं की त्याच्या अंगाला कळतं. आपण जमिनीवर उभे. दीडशे मीटरवरचा फोमचा तुकडा कुठल्या कुशीवर कललाय हे फक्त डोळ्यांनी ओळखायचं. प्लेन लांब जात असताना ठीक चालतं, आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं. जी विंग खाली, त्या बाजूला स्टिक, ही युक्ती तुला अगदी सुरुवातीलाच सांगितली होती आणि तुला ती चांगली बसलीय. पण थकलेलं डोकं शिकलेली युक्ती सोडून उपजत सवयीकडे जातं. फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, तुझा अंगठा आधी चुकीकडे किंचित जातो, मग अर्ध्या सेकंदाने बरोबर बाजूला, आणि उशीर झाल्यामुळे जरा जास्तच. तेवढ्यात दुसरी विंग खाली येते. हेच तुझं डुलणं. एक्स्पो वाढवलास तर स्टिकचा मधला भाग आणखी मऊ होईल, उशिरा सुचलेली दुरुस्ती तू आणखी मोठी देशील आणि प्लेन जास्त डुलेल. तुझी वळणं चौथ्या व्हिडिओतही सुरेख आहेत, कारण तिथे प्लेन उंचावर असतं आणि चूक सावरायला जागा असते. दोन मीटरवर ती नसते.

मग रात्रीचं काय करायचं? जागरणाचं खरं कारण विंग नसतं, बॅटऱ्या असतात. लायपो, म्हणजे आपल्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या, चार्ज होताना सोडून झोपायचं नाही हे मीच तुझ्या डोक्यात भरलंय, आणि ते बरोबरच आहे. पण तुझ्याकडे एकच चार्जर आहे, पाच बॅटऱ्या आहेत, आणि २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरने भरायला तासभर जातो. पाच बॅटऱ्या, पाच तास! रात्री नऊला सुरुवात केलीस तर दोन वाजणारच, विंग असो वा नसो. तेव्हा बॅटऱ्या शनिवारी दुपारी, अभ्यास करत बसतेस तेव्हा शेजारी लाव. एक रात्र भरलेल्या राहिल्याने त्यांचं काही बिघडत नाही. आणि रविवारी उडणाऱ्या प्लेनवर शनिवारी रात्री चिकटवाचिकटवी बंद. इपॉक्सीला पुरी ताकद यायला दिवस लागतो, दीडला जोडलेली विंग सातला हवेत नेणं हे विंगच्याही हिताचं नाही.

बॅटऱ्यांचा दुसरा फास मैदानावर पडतो. पाच भरून आणल्यात म्हणजे पाच संपवल्याच पाहिजेत असं वाटायला लागतं, कारण लायपो भरलेली ठेवून द्यायची नसते, फुगते. ऊन चढलेलं, पाणी संपलेलं, घरून फोन येऊन गेलेला, तरी ‘ही शेवटची’ म्हणून पाचवी जोडली जाते. माझ्या पाहण्यातली कितीतरी प्लेन त्या शेवटच्या बॅटरीवरच गेली. तुझ्या चार्जरला स्टोरेज मोड आहे, घरी जाऊन दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचं, त्यात कमीपणा कसला? त्याहून सोपं म्हणजे तीनच बॅटऱ्या भरून आणायच्या.

स्टॅमिना वाढावा म्हणून लागोपाठ फ्लाइट करते असंही तू लिहिलंयस. हे मला पटत नाही. पोहण्यात, धावण्यात दमून भागून केलेला सराव कामाला येत असेल, इथे दमलेल्या अंगठ्याने तू चुकीची दुरुस्ती घोटवून पक्की करतेयस. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेतल्या मेनर्ड हिल यांच्या चमूने न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत, अटलांटिकवरून, मॉडेल प्लेन नेलं. ३,००० किलोमीटरहून जास्त अंतर, जवळजवळ ३९ तास, आणि प्लेनचं वजन पाच किलोच्या आत. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते, नजर जवळपास गेलेली. त्यांनी प्लेन हाताने फेकून सोडलं, मधला सगळा प्रवास ऑटोपायलटने केला, आणि आयर्लंडला थांबलेल्या दुसऱ्या पायलटने ते रेडिओवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, उतरवलं. माणसाचं लक्ष त्यांनी दोन टोकांपुरतंच मागितलं. तुझ्या शिकाऊ प्लेनमध्ये ऑटोपायलट नाही, त्यामुळे मधलंही तुलाच बघायचंय, म्हणून मधला भाग छोटा ठेव. टायमर सहा मिनिटांचा लाव आणि वाजला की उतर, बॅटरीत जीव असला तरी.

दोन फ्लाइटच्या मध्ये वीस मिनिटं. त्या वेळात रेडिओ बंद, फोन खिशात, आणि सावलीत बसून डोळ्यांना आराम. डोळ्यांचं फार कमी लोक बोलतात. निरभ्र आकाशाकडे बघताना नजरेला धरायला काही नसतं, मग ती आपोआप जवळच कुठेतरी स्थिरावते आणि लांबचं प्लेन पुसट होतं. त्यात आपण पापण्या लववायला विसरतो, डोळे कोरडे पडतात. वळण संपून प्लेन समोरून सरळ जात असेल तेव्हा मुद्दाम पापण्या लवव, ती वेळ सुरक्षित असते. टोपी हवीच. गॉगल घेशील तर पोलराइज्ड नको, त्यातून रेडिओचा स्क्रीन काही कोनांतून काळा दिसतो आणि व्होल्टेज वाचता येत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. उपाशी यायचं नाही, चार घास पोहे किंवा एक केळं खाऊन ये. दोन लिटर पाणी. चहा एक कप पुरे. तिसऱ्या कपाने हात थरथरतो आणि झोपेची थकबाकी तशीच राहते. फारच डोळे जड झाले तर गाडीत सरळ आडवी हो. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना कॉकपिटमध्ये ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिली होती. त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली, आणि ज्यांना विश्रांती नव्हती त्यांच्यापेक्षा ते नंतर स्पष्टपणे जास्त सावध होते. मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लाव आणि उठल्यावर लगेच रेडिओ हातात घेऊ नकोस, दहा मिनिटं चालून ये.

बघ्यांचं मात्र काही औषध नाही. प्लेन हवेत गेलं की कुठून तरी चार जण येतात. केवढ्याला पडलं? रेंज किती? कॅमेरा आहे का आत? ताजी असशील तर हसून उत्तर देत उडवशील. थकलेली असशील तर उत्तर देताना नजर हटेल किंवा चिडशील, दोन्ही वाईट. कॉलेजमधल्या एखाद्या मित्राला पाठीशी उभं कर, लोकांशी बोलणं त्याचं काम. तोच तुला ‘उंची कमी होतेय’, ‘लांब चाललंय’ हेही सांगेल. थकलेल्या माणसाचं प्लेन हळूहळू लांब जातं आणि वळणं मोठी होत जातात, हे उडवणाऱ्याला कधीच कळत नाही, शेजारच्याला चटकन कळतं.

आणि थांबायचं कधी हे घरून ठरवून ये. मैदानावर ठरवायचं म्हटलं तर जे डोकं दमलंय त्यालाच विचारावं लागतं, आणि ते नेहमी ‘अजून एक’ म्हणतं. माझी कसोटी साधी आहे. लागोपाठ दोन लँडिंग आधीच्यापेक्षा वाईट झाली की सामान आवरायचं. चेक करताना एक पायरी सुटल्याचं लक्षात आलं, तरी आवरायचं. खांदे कानांपर्यंत चढलेत, अंगठ्याचं नख पांढरं पडलंय, श्वास रोखलाय असं दिसलं तर उंची घे, दोन मोठी सैल चक्करं मार आणि उतर. क्रॅश झाला तर त्या दिवशी दुसरं प्लेन काढायचं नाही, मग ते कितीही तयार असो. घरी भांडून आली असशील, पेपर वाईट गेला असेल, तर ये जरूर, दुसऱ्यांना मदत कर, पण रेडिओ नको.

ज्या दिवशी उडवणं नाही त्या दिवशीही सराव होतो. हवाई कसरती करणारे वैमानिक उड्डाणाआधी जमिनीवर चालत, हाताचं विमान करून सगळा क्रम मनात उडवून बघतात. तूही गच्चीवर तळहाताचं प्लेन करून फायनल दहा वेळा तुझ्याकडे आण, दुसऱ्या हाताचा अंगठा खाली गेलेल्या बाजूला ने. सिम्युलेटर वीस मिनिटं, तोही संध्याकाळी. रात्री बाराला सिम्युलेटरवर बसणं म्हणजे पुन्हा तेच जागरण.

पुढच्या महिन्यात तुमच्या टीमची प्लेनने वजन उचलण्याची स्पर्धा आहे ना? तिथे काय होतं ते मी बघत आलोय. आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत सगळी टीम प्लेन जोडत बसते, आणि ज्याने सकाळी उडवायचं तोच पहाटेपर्यंत पुशरॉड, म्हणजे पट्ट्या हलवणाऱ्या तारा, वाकवत असतो, कारण ही जोडणी, म्हणजे लिंकेज, त्यालाच सगळ्यात चांगली जमते. या वेळी लिंकेजची कामं तू आठवडाभर आधी दोघांना शिकवून ठेव. आदल्या रात्री साडेदहाला तू खोलीतून बाहेर, वेगळ्या खोलीत, फोन टीमकडे. सकाळी चेकलिस्ट दुसऱ्याने मोठ्याने वाचायची, तू प्रत्येक गोष्टीला हात लावून ‘ओके’ म्हणायचं, आणि तुझ्या ‘ओके’शिवाय बॅटरीची पिन लागणार नाही असं आधीच ठरवून घ्यायचं. तुमचा कॅप्टन कुरकुर करेल, एक माणूस कमी पडतो म्हणेल. त्याला माझा नंबर दे.